डॉक्टर की वकील?



मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळच्या मिस्सेला तरुणांचे बाक थोडे रिकामे दिसले तर नवल वाटू नये. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा नेमकी त्याच रविवारी आली होती. आदल्या संध्याकाळी मिस्सेला येऊन पवित्र मरियेसमोर मेणबत्ती लावून जाणारी मुले आपण पाहिली आहेत, आणि त्यांच्या मागे हात जोडून उभ्या असलेल्या त्यांच्या आयाही पाहिल्या आहेत. पुढे निकाल लागतो. मार्कांचे आकडे आळीतून आळीत फिरतात. आणि ज्या घरात बारावीचे मूल आहे, त्या घरात रात्रीच्या रोझरीनंतर एकच विषय निघतो: आता पुढे काय?

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. सायन्स घेतलेल्या मुलापुढे दोन दारे, डॉक्टर किंवा इंजिनिअर. कायद्याचा विचार पदवी झाल्यावर, तोही दुसरे काही जमले नाही तर. आता तसे राहिलेले नाही. बंगलोरचे नॅशनल लॉ स्कूल १९८७ साली स्थापन झाले आणि बारावीनंतर सलग पाच वर्षे शिकून वकिलीची पदवी घेण्याचा मार्ग हळूहळू देशभर रूढ झाला. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही तो आहे. राज्याची वेगळी सीईटी द्यायची, मग शाखा कोणतीही असो. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी आज खरोखरच दोन वाटांच्या फाट्यावर उभी राहते. एकीकडे साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, दुसरीकडे पाच वर्षांचा कायदा. दोन्हींचे अर्ज एकाच उन्हाळ्यात भरलेले असतात.

या पत्रिकेचे काम पाहणाऱ्या आम्हां मंडळींच्या कानावर पालकांची जी बोलणी येतात, त्यांत एक वाक्य फार वेळा ऐकू येते. डॉक्टर झालास तर देवाची सेवा, वकील झालास तर खोट्याचे खरे आणि खऱ्याचे खोटे. म्हणजे एक धंदा पुण्याचा आणि दुसरा पापाचा, असा निकाल घरातच लागून गेलेला असतो. मुलाने कायद्याचे नाव काढले की आजी क्रूसाची खूण करते! यातली गंमत सोडून देऊ. पण हा निकाल बरोबर आहे का? ख्रिस्ती माणसाने तो मान्य करावा का? आजच्या लेखात आम्हांला एवढाच प्रश्न धरून चालायचे आहे, कारण या समजुतीपायी चुकीची मुले चुकीच्या ठिकाणी जातात असे आमचे मत झाले आहे.

प्रथम पवित्र शास्त्र पाहू. शुभवर्तमानकार लूक वैद्य होता हे संत पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून आपल्याला ठाऊक आहे. आता या वैद्याच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय उघडा. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत येशू कोणाला सांगतो? एका शास्त्र्याला, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडिताला. माझा शेजारी कोण, हा त्या पंडिताचा प्रश्न आणि तेल, द्राक्षारस व पट्ट्या घेऊन येणारी गोष्ट वैद्याच्या लेखणीतून आलेली. शोमरोन्याने जखमा बांधल्या, खानावळीचे पैसे भरले. हे झाले डॉक्टरचे काम. पण त्या यरीहोच्या वाटेवर माणसे लुटली जातात, उद्याही लुटली जाणार, त्याचे काय? त्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी उभे राहावे लागते. याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवा आठवा. तिला कसलाही आजार नव्हता. तिच्यावर अन्याय झाला होता, आणि न्यायाधीश दाद देत नव्हता. तिच्या बाजूने बोलायला कोणी असते तर तिला रोज त्या दारात खेटे घालावे लागले नसते.

येशूने शास्त्र्यांना खडसावले हे खरेच आहे. लोकांच्या पाठीवर अवजड ओझी लादायची आणि स्वतः बोटसुद्धा लावायचे नाही, हा त्याचा आरोप आजच्या कोर्टकचेऱ्यांनाही लागू पडेल. पण वैद्यांनाही शुभवर्तमान सोडत नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या बाईची गोष्ट मार्क सांगतो तेव्हा, वैद्यांपायी तिचा सगळा पैसा गेला आणि दुखणे उलट वाढले, असे तो स्पष्ट सांगून टाकतो. लूक तीच गोष्ट सांगताना जरा सौम्य होतो. आपल्या व्यवसायबंधूंची त्याला लाज राखायची असावी, असे वाचताना आमच्या मनात येऊन जाते.

आणि पवित्र आत्म्यासाठी योहानाने कोणता शब्द वापरला आहे? मूळ ग्रीक शब्द ‘पॅराक्लेटोस’. ज्याला आपल्या बाजूला उभे राहण्यासाठी बोलावले आहे, असा. न्यायालयात आपल्या वतीने बोलणाऱ्यालाही तो शब्द लागत असे. आपल्या मराठी शास्त्राने त्याला ‘कैवारी’ असा सुरेख शब्द दिला आहे. देवाच्या आत्म्याला जे नाव शोभले, ते काम मुळातच पापाचे कसे असेल?

मात्र वकिलीत एक खरी अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ती नेमकी ओळखली आणि विशेष म्हणजे डॉक्टर आणि वकील यांना शेजारी शेजारी उभे करूनच ती मांडली. असाध्य रोग्यावर उपचार करणारा वैद्य पाप करीत नाही, मग अन्यायाची बाजू लढवणारा वकील तरी पापी का? संत थॉमस उत्तर देतात की ही तुलना टिकत नाही. वैद्याने हरलेली लढाई लढली तरी त्यात कुणाचे नुकसान होत नाही. वकिलाने अन्याय आहे हे जाणून ती बाजू लढवली, तर समोरच्या माणसाचे नुकसान होते. आणि मध्येच लक्षात आले की आपला अशील खोटा आहे, तर? तेव्हा त्याची गुपिते विरोधकाला सांगू नयेत, पण खटला सोडावा, किंवा अशिलाला माघार घ्यायला किंवा समोरच्याचे नुकसान न करता तडजोड करायला लावावे, असा त्यांचा सल्ला आहे. साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही कुठल्याही तरुण वकिलाने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे.

पण मग आरोपीचा वकील? खून केल्याचा आरोप असलेल्याची बाजू घेणे म्हणजे खुनाची बाजू घेणे नव्हे काय? येथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. खोटी साक्ष उभी करणे हे पाप आहे, वकिलाने केले तरी आणि आपण केले तरी. परंतु ‘हा गुन्हा यानेच केला हे आधी सिद्ध करा’ असे सरकारला ठणकावून सांगणे हे पाप नाही. आपल्या राज्यघटनेच्या २२व्या कलमाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क दिला आहे. असे वकील नसतील तर काय होते हे १९७९ साली देशाला कळले. बिहारच्या तुरुंगांत शेकडो गरीब माणसे खटला न चालताच वर्षानुवर्षे खितपत पडली होती. काही जण तर ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याच्या शिक्षेच्या मुदतीहूनही जास्त काळ आत होते. पुष्पा कपिला हिंगोरानी नावाच्या वकीलबाईंनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि हुसैनारा खातून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यामुळे पुढे हजारो कच्चे कैदी सुटले. कोणत्या दवाखान्याने हे केले असते?

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण फादर स्टॅन स्वामी यांचे. या येशूसंघीय धर्मगुरूंनी झारखंडमधील कच्च्या कैद्यांच्या प्रश्नावर काम केले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली आणि तळोजाच्या तुरुंगात ठेवण्यात आले. वय त्र्याऐंशी, अंगात पार्किन्सन्सचा आजार, हाताला इतका कंप की पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेता येईना. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात हलवण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाच्या अर्जाची सुनावणी असतानाच, त्यांचे निधन झाल्याचे न्यायालयाला कळवण्यात आले. त्यांच्यावरील खटला तोवर सुरूही झाला नव्हता. त्या प्रकरणाबद्दल ज्याचे त्याचे मत असो. आम्ही एवढेच पाहतो की तहानलेल्या म्हाताऱ्याला पाणी पाजण्याचे काम, जे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने स्वतःला पाजल्यासारखे मानले आहे, ते येथे आधी वकिलाला करावे लागले. डॉक्टर त्यानंतर पोहोचू शकले.

आणि आपल्या वसईत? आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन यांची नावे घ्यायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. वकील मोजायला मात्र एक हात पुरतो. त्याची किंमत आपण कशी मोजली आहे हे जुन्या माणसांना विचारा. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव राहिले, वारसनोंद केलीच नाही. फेरफार कधी झाला हे तलाठ्याकडे गेल्यावर कळले. विश्वासाने मुखत्यारपत्रावर सही केली आणि वाडी गेली. टँकर आणि बिल्डर यांच्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा मोर्चाला माणसे हजारोंनी आली. कागद वाचू शकणारी माणसे मात्र प्रत्येक चळवळीला कमी पडतात. आता तर पालघर जिल्ह्यात बुलेट ट्रेन आहे, वाढवण बंदर आहे. नोटिसा येतच राहणार.

घरातलेही एक सांगून टाकू, कोणाला लागले तर लागो. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांना बापाच्या मिळकतीत सारखा वाटा आहे. तरी लग्नाच्या आधी किंवा बापाच्या महिन्याच्या मिस्सेनंतर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि कागदावर काय लिहिले आहे हे तिला समजावून सांगणारे कोणी नसते. आपल्या समाजातील एखादी मुलगी हे काम शिकून आली, तर ती सेवा ठरणार नाही काय? केरळच्या मेरी रॉय यांनी आपल्या भावाविरुद्ध लढून १९८६ साली सर्वोच्च न्यायालयातून सिरियन ख्रिस्ती स्त्रियांना हा समान वाटा मिळवून दिला, तेव्हा नातलगांनी त्यांना काही हार घातले नव्हते.

म्हणजे सगळ्यांनी वकीलच व्हावे काय? तसे मुळीच नाही. समाजाला वकील हवेत म्हणून आपल्या मुलाला तिकडे ढकलणे हेही आजवर डॉक्टरीकडे ढकलत आलो तसलेच ढकलणे झाले. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, आपल्यापैकी कितीतरी जणांना डॉक्टर आणि नर्स यांनी मरणाच्या दारातून परत आणले. ते ऋण फिटणारे नाही. आम्ही एवढेच म्हणतो की पांढरा कोट घातला म्हणून कोणी आपोआप पुण्यवान होत नाही आणि काळ्या कोटाने कोणी पापी होत नाही. दोन्ही कोटांना खिसे असतात. गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी १९९४ साली कायदा करावा लागला, तो काही वकिलांमुळे नव्हे. पेशंट पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या ‘कट’ची चर्चा डॉक्टर मंडळी स्वतःच करतात. ख्रिस्ती डॉक्टरला गर्भपाताच्या टेबलाशी आपली सद्सद्विवेकबुद्धी जपावी लागते. ख्रिस्ती वकिलाला ती घटस्फोटाच्या फाइलीशी जपावी लागते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारी २००२ मध्ये रोममधील रोटा न्यायालयापुढे बोलताना वकिलांना याच गोष्टीची आठवण करून दिली होती, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यावर बराच गदारोळ झाला होता.

तेव्हा पुण्य-पापाची ही वाटणी बाजूला ठेवली, तर निवड कशावरून करायची?

आम्हांला वाटते, रोजच्या कामावरून. मुले डॉक्टर म्हणजे ऑपरेशन थिएटर आणि वकील म्हणजे सिनेमातले भाषण समजतात. प्रत्यक्षात डॉक्टरच्या दिवसात रक्त, पू, लघवीच्या तपासण्या, रात्रीची ड्युटी, तीच तक्रार पन्नासाव्यांदा ऐकणे, आणि कधी कधी बाहेर उभ्या नातलगांना वाईट बातमी सांगणे असते. वकिलाचा दिवस म्हणजे धुळकट फाइली, पुढची तारीख, एका शब्दासाठी चार निकाल वाचणे, आणि भांडणाऱ्या दोन भावांपैकी एकाचे रडगाणे शांतपणे ऐकून घेणे. एकाला माणसाच्या शरीराचा कंटाळा येऊन चालत नाही, दुसऱ्याला माणसांच्या भांडणांचा. यातले कोणते दुःख आपल्याला सोसवेल, कोणाच्या शेजारी आपण वीस वर्षे बसू शकू, हे मार्कांच्या कागदावर दिसत नाही.

दोन माणसांची गोष्ट सांगतो. नेपल्सचे संत जोसेफ मॉस्काती यांचा जन्म १८८० सालचा. वडील न्यायाधीश. अशा घरातला मुलगा कायद्याकडे वळला असता तर कोणालाच आश्चर्य वाटले नसते. पण लष्करात असलेला मोठा भाऊ घोड्यावरून पडला, डोक्याला मार बसला, त्याला झटके येऊ लागले. शाळकरी जोसेफ त्याच्या बिछान्याशी बसू लागला आणि तिथेच त्याचा कल ठरला. मोठे डॉक्टर झाल्यावरही ते गरिबांकडून पैसे घेत नसत. त्यांच्या दवाखान्यात एक टोपली ठेवलेली असे, ज्याला जमेल त्याने तीत टाकावे, ज्याला गरज असेल त्याने तीतून घ्यावे, असे सांगतात. १९२७ साली ते वारले आणि १९८७ साली त्यांना संतपद मिळाले.

दुसरे फ्रेडरिक ओझानाम. यांचे उलट. वडील डॉक्टर, आणि मुलाने वकील होऊन न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसावे ही त्यांची इच्छा. मुलाचा जीव साहित्यात आणि इतिहासात. वडिलांचा शब्द मोडायचा नाही म्हणून तो पॅरिसला कायदा शिकला, १८३६ साली कायद्याची डॉक्टरेटही घेतली. पण मन रमले नाही. शेवटी तो साहित्याचा प्राध्यापक झाला. मात्र कायदा शिकत असतानाच, १८३३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने काही मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. आज आपल्या धर्मग्रामात दर आठवड्याला रेशन आणि औषधे घेऊन जाणारी संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी ही त्याच मुलांनी सुरू केलेली. जो कोर्स त्याला आवडला नाही त्या कोर्सच्या वर्षांतच त्याच्या हातून आयुष्यातले सगळ्यात मोठे काम झाले, हे आम्हांला फार दिलासा देणारे वाटते. अनेक घरांत मुले घाबरलेली असतात: देवाने माझ्यासाठी एकच वाट लिहून ठेवली आहे आणि मी ती चुकलो तर? देवाने पाकिटात ‘एमबीबीएस’ असे लिहून पाकीट लपवून ठेवलेले नाही. पाचारण म्हणजे लॉटरीचा नंबर नव्हे.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी निवड करणाऱ्यासाठी काही उपाय सांगितले आहेत. ते धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांनाच नव्हे, बारावीच्या मुलांनाही उपयोगी पडतील. पहिला असा की, आपल्याला पूर्ण अनोळखी असा एक माणूस समोर आहे आणि त्याचे भले व्हावे असे मनापासून वाटते, अशी कल्पना करा. त्याची परिस्थिती हुबेहूब आपल्यासारखी आहे. त्याला तुम्ही काय सल्ला द्याल? मग तोच सल्ला स्वतः पाळा. दुसरा, आपण मरणशय्येवर आहोत असे समजा आणि आज काय निवडले असते तर बरे झाले असते असे वाटेल ते पाहा. आणखी एक गोष्ट ते बजावतात. लोक आधी साधन निवडतात आणि मग देवाला त्यात बसवतात. आधी ठरते ‘डॉक्टरच व्हायचे’, नंतर प्रार्थना सुरू होते की देवा, पास कर. खरा क्रम उलटा आहे. आधी कशासाठी जगायचे ते ठरवावे, मग त्यासाठी कोणते काम.

हे सगळे ठीक, पण पैशांचे काय, असे पालक विचारतील. विचारायलाच हवे. २०२४ साली ‘नीट’ला २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाहून थोड्या जास्त, आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी. (त्या वर्षी पेपर फुटल्याच्या तक्रारी झाल्या आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना न्याय मागायला वकिलांकडेच जावे लागले!) सरकारी जागा मिळाली नाही की खाजगी कॉलेजची फी समोर येते, वर्षाला कित्येक लाख. मग वाडीचा तुकडा विकण्याची गोष्ट निघते. आम्ही कोणाला विकू नका असे सांगणार नाही, ज्याचे त्याने पाहावे. पण एक विचार करावा. एवढ्या कर्जाच्या ओझ्याखाली पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा मॉस्कातींसारखी टोपली ठेवू शकेल काय? त्याने कोणत्या पेशंटला कोणती तपासणी सांगायची हे कर्जाचा हप्ताच ठरवू लागला, तर आपण सेवेसाठी मुलाला डॉक्टर केले असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि एका मागून एक असे दोन-तीन प्रयत्न करूनही जे मूल पोहोचत नाही, त्याच्यापुढे आईबापांनी शेजाऱ्याच्या मुलाचे नाव काढू नये, ही हात जोडून विनंती. राजस्थानातील कोटा शहरातून दरवर्षी येणाऱ्या बातम्या आपण वाचतो.

वकिलीत फी तुलनेने कमी, पण वाट नंतर अवघड होते. पदवीनंतर बार कौन्सिलची परीक्षा, मग कोणातरी सीनिअरच्या हाताखाली काही वर्षे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये तरी द्यावेत अशी शिफारस केली, यावरूनच प्रत्यक्षात किती मिळत असतील याचा अंदाज करा. न्यायाधीश होण्याचे स्वप्न असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे आधी तीन वर्षांची प्रॅक्टिस हवी. म्हणजे त्या मुलाला किंवा मुलीला घरच्यांनी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षापर्यंत धीराने सांभाळले पाहिजे. डॉक्टरच्या शिक्षणासाठी जमीन विकायला तयार असणारे घर वकील मुलीला ‘अजून कमवत नाहीस?’ म्हणून दुसऱ्याच वर्षी टोमणे मारते, हे काही न्यायाचे नाही.

व्यवहाराची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोणतीही पदवी झाल्यावर तीन वर्षांचा एलएलबी करता येतो, डॉक्टर झाल्यावरसुद्धा. वैद्यकीय शिक्षणाचे तसे नाही. ‘नीट’ला वयाची वरची अट आता राहिलेली नाही, तरी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी एकदा सुटले की परत फिरणे कठीण असते. म्हणून खरोखर दोन्हींकडे सारखाच ओढा असेल, तर आधी वैद्यकीयचा प्रयत्न करणे शहाणपणाचे ठरू शकते. पण ओढा सारखा आहे की नाही हे आधी तपासून घ्यावे, आणि ते घरात बसून कळत नाही.

त्यासाठी आमची एक सूचना आहे. सुट्टीचे चार-सहा दिवस काढा. दोन रविवारी व्हिन्सेंट दि पॉलच्या मंडळींबरोबर अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जा. नुसते बघून येऊ नका, चादर बदलायला हात लावा. बंगलीच्या कार्डिनल ग्रेशियस हॉस्पिटलात आपले कोणी दाखल असेल तर एक रात्र सोबतीला राहा. मग दोन दिवस वसईच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे कोण येते तेही पाहा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, आदिवासींना, कोठडीतल्यांना तिथे फुकट वकील मिळतो, आणि रांगेत आपल्या ओळखीचे एखादे माणूसही दिसेल. घरी आल्यावर कोणाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही ते आईबाबांना सांगा. न्यायालयात बसायला पास लागत नाही, ओळख लागत नाही. मोबाइल तेवढा बंद ठेवावा लागतो.